कारणाचा रकाना

रात्री एक वाजता टाकळी फीडर, एकशे दहा अँपिअर.
लिहिलं.
पिंपळा बंद, थ्री फेज पहाटे चारनंतर.
लिहिलं.
सासऱ्यांची साखर जेवणाआधी दोनशे ऐंशी,
ती कुठल्या रकान्यात लिहायची?

पाथरी रोडच्या या उपकेंद्रात टेबलावर दोन फोन.
काळा कंपनीचा, त्यात सगळा तालुका:
"मॅडम, लाईट कव्हा येईल?"
"हरभऱ्याला पाणी द्यायला बसलोय, थंडीनं बोटं गेली व माय."
दुसरा माझा. त्यात घर:
"शिवनंदा, सुई कुठं ठेवलीस?"
फ्रीजच्या दारात, लोण्याच्या डब्यामागं.
"मम्मी, उद्या मला झाड व्हायचंय. हिरवी साडी लागते."
हे रात्री साडेदहाला. झाड.

माणिक दुधाच्या टँकरवर, जालन्याच्या पुढं कुठंतरी.
फोन लागला की आधी इंजिनच बोलतं.
मग तो: "तू बघ ना जरा."
जरा.
या शब्दात काय काय मावतं त्याला माहीत नाही,
मीही कधी काढून दाखवलं नाही.

तालुक्याची वीज मी वाटते.
याला आठ तास दिवसा, त्याला रात्री, गावठाणाला चोवीस.
कुणी शिव्या देतं, कुणी म्हणतं "ताई, जमवा न",
मी वेळापत्रकाकडं बोट दाखवते
आणि जेवण जातं मला.
घरी मात्र सगळे फीडर चालू
आणि ट्रान्सफॉर्मर एकच,
त्याचं तेल शेवटचं कुणी बघितलं होतं, आठवत नाही.

मागच्या मंगळवारी भाकरी थापता थापता रडले.
कारण काही नव्हतं. पीठ संपलं, एवढंच.
पोरगी म्हणाली, काय झालं?
म्हणाले, ट्रिप झालं.
ती हसली. मग हसू थांबवून विचारलं:
"मग आता कुणाला फोन करायचा?"

प्रशिक्षणात शिकवलं होतं आम्हाला,
लोड वाढला की ब्रेकर पडतो. पडायलाच पाहिजे.
जो पडत नाही तो जळतो.
आणि पडला की लगेच चढवू नका,
आधी काहीतरी कमी करा.
बारा वर्षं झाली, मी हे फक्त यंत्रांना लावते.

दोन पंधराला रामपुरी पडला.
वारा नाही, काही नाही. नुसता पडला.
काळा फोन वाजला.
आणि त्याच वेळी माझा:
"मम्मी, आज्जा घामानं भिजलाय. आज्जीनं सुई दोनदा टोचली वाटतं."

हात काळ्या फोनवर होता.
उचलला नाही.
चार चमचे साखर, पेलाभर पाणी,
त्यांना बसतं कर, मान धर, घोट घोट, ठसका लागू देऊ नको,
मी आहे फोनवर.
नऊ वर्षांच्या पोरीचा श्वास ऐकत होते मी.
काळा फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला.
रामपुरी अंधारात होती.
"आज्जा म्हणायलाय, लई गोड केलंस."

लॉगशीट: ट्रिप ०२:१५. चार्ज ०२:२६.
कारण:
सगळे इथं "तात्पुरता बिघाड" लिहितात.
मी लिहिलं, घर.
लिहून झाल्यावर घाबरले,
पण शीटवर खाडाखोड चालत नाही.

सकाळी सासरे झोपले होते, तोंड उघडं, ठीक.
हळदीतली हिरवी साडी दुमडून पोरीला गुंडाळली,
खोडाला सासऱ्यांचा तपकिरी मफलर.
म्हटलं, काय करायचं असतं गं झाडानं?
"काही नाही. नुसतं उभं राहायचं.
बोलायचं पण नाही."

ओट्यावर दूध तापत होतं. साहेबांचा मिस्ड कॉल होता.
मी तिच्या शेजारी, भिंतीला टेकून,
उभी राहिले.